डाव्या बुटातलं कार्ट्रिज

बाबांचा एक नियम होता आणि तो ऐकला की गिऱ्हाइकं हसायची. विजेच्या बोर्डातून काढलेली वस्तू खिशात टाकायची नाही, हत्यारांच्या पिशवीत टाकायची नाही, टेबलावर तर मुळीच ठेवायची नाही. ती दाराशी काढलेल्या आपल्या डाव्या बुटात ठेवायची. लोकांच्या घरात आम्ही जाड रबरी तळाच्या, फक्त कामाच्या चपला घालून वावरतो. रस्त्याचे बूट दाराबाहेर असतात. काम आटोपून निघताना बुटात पाय घातला आणि आत काही राहिलेलं असलं, तर ते टाचेला टोचतं. मग निमूट परत आत जायचं आणि ते जागेवर बसवायचं. बाबांनी तीस वर्षं वायरमनचं काम केलं आणि कुणाच्या घरातून एक स्क्रूसुद्धा चुकून उचलून आणला नाही. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी धंदा शिकवला तो या बुटापासूनच.

दोघं म्हणजे दादा आणि मी. दादा सहा वर्षांनी मोठा. मुलगी शिडीवर चढणार म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा दादाच म्हणाला होता की शिडीला दोन टोकं असतात, एक मी धरतो, एक ही धरेल. बारा वर्षं आम्ही शिडी तशीच नेली. पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं माझ्या. त्यामुळे मला माझ्या भावाची मान चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे. कॉलरच्या जरा वर डावीकडे एक तीळ, आणि केस कापून आला की त्याखाली उन्हाने न रापलेली पट्टी. आता शिडी मी एकटीच नेते. घडीची, हलकी घेतली आहे. ओझं काहीच नाही. पण समोर ती मान नाही, याची सहा वर्षांत सवय झालेली नाही, आणि व्हावी असं मला वाटतही नाही.

आता त्या कार्ट्रिजबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यामुळे झालं. खरं तर माझ्यामुळे झालं, पण ते येईलच.

घराच्या मेन बोर्डात एमसीबींच्या, म्हणजे आपोआप पडणाऱ्या बटणांच्या, रांगेशेजारी एक लहानसा ठोकळा बसवतात. त्याला एसपीडी म्हणतात. जवळपास कुठे वीज पडली की तिचा लोंढा तारांमधून घरात घुसतो आणि फ्रिज, टीव्ही, संगणक, जे मिळेल ते जाळतो. हा ठोकळा तो लोंढा स्वतःच्या अंगावर घेतो आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत सोडून देतो. त्यात काढता-घालता येणारं एक कार्ट्रिज असतं आणि कार्ट्रिजला तांदळाच्या दाण्याएवढी खिडकी. खिडकी हिरवी तोवर ठीक. झटके खाऊन कार्ट्रिज कामातून गेलं की खिडकी लाल होते. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं बोर्डाचं दार उघडून बघत नाही. पंखा फिरतोय ना, मग झालं. असल्या लोकांचा मला भयंकर राग येतो. पण माझ्या नाकावर राग असतोच, असं दादा म्हणायचा.

वायरिंग तपासताना हे कार्ट्रिज काढावं लागतं. मेगर नावाचं यंत्र तारांवर मुद्दाम विजेचा जास्त दाब टाकून बघतं, कुठे गळती आहे का. कार्ट्रिज जागेवर असलं तर त्याला वाटतं आला लोंढा. ते इमानदारीत सगळं जमिनीत सोडायला लागतं आणि चांगली वायरिंग खराब दिसते. म्हणून आधी कार्ट्रिज काढायचं, बुटात ठेवायचं, तपासणी करायची, कार्ट्रिज परत बसवायचं. आणि सगळ्यात शेवटी बोर्डाच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलने तारीख लिहायची. तारीख पडली म्हणजे काम पुरं झालं. हाही बाबांचाच नियम.

त्या दिवशी आम्ही नकाशावाल्या बाईंकडे होतो. या बाई एकट्या राहतात आणि घरी बसून नद्यांचे, ओढ्यांचे नकाशे काढतात, कुठलं पाणी कुठून निघतं आणि कुठे जाऊन मिळतं ते. दादा वरच्या मजल्यावर सॉकेट बघत होता, मी खाली बोर्डापाशी. कार्ट्रिज मी काढलं, बुटात ठेवलं, मेगर लावला. दादा खाली आला तो उगाचच हसत आला. घाईघाईने त्याने दारावर तारीख लिहिली, शेवटी लिहायची ती आधीच, आणि मला म्हणाला, आवर आणि बाहेर ये. बाहेर पायरीवर एक खोकं होतं. माझ्या जुन्या बुटाचा तळ सुटला होता आणि महिनाभर मी त्याला चिकटपट्टी लावून दिवस ढकलत होते. दादाने नवे बूट आणले होते. मी बोर्डाचं दार लोटलं, बाहेर आले, नवे बूट घातले, अंगणात दोन चकरा मारून दाखवल्या आणि जुन्या बुटांकडे न बघता ते खोक्यात कोंबले. मग शिडीचं मागचं टोक खांद्यावर घेऊन गुणगुणत त्याच्या मागून निघाले. टाचेला काहीही टोचलं नाही.

हे सगळं मला आज लख्ख दिसतं. तेव्हा दिवसाला तीन-तीन घरं व्हायची. कुठल्या घरात कोणी काय काढलं हे आम्ही लक्षात ठेवतच नव्हतो. ते काम आम्ही बुटावर सोपवलं होतं.

एकोणीस दिवसांनी दुपारी बाईंच्या घरामागच्या खांबावर वीज पडली. त्यांचा संगणक गेला. त्याला जोडलेल्या ज्या हार्ड डिस्कवर नकाशांच्या प्रती ठेवल्या होत्या तीही गेली. तीन वर्षांचं काम. दादाने जाऊन बोर्ड उघडला, तर एसपीडीची जागा रिकामी आणि दारावर त्याच्याच हातची तारीख. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या पिशव्या उलट्या केल्या, खिसे झाडले. कार्ट्रिज कुठेच नव्हतं. मग दादाने मला विचारलं.

"बारके, नीट आठवून सांग. तू काढलं होतंस?"

"मी काढलं असतं तर बुटात असतं. आणि माझ्या पायाला काही लागलं नाही, दादा."

खोटं बोलले नाही मी. माझ्यासाठी पाय म्हणजे पुरावा होता. बुटात होतं ते कार्ट्रिज, पण त्या बुटात माझा पाय पुन्हा गेलाच नव्हता, हे डोक्यातच आलं नाही. दादाने मान हलवली. तारीख आधी लिहिली एवढं त्याला आठवत होतं. एक नियम मोडला तर दुसराही आपणच मोडला असणार, कार्ट्रिज काढून कुठेतरी भलतीकडे ठेवलं असणार, असं त्याने धरून टाकलं. बाईंकडे जाऊन त्याने चूक कबूल केली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या की परत काढीन, नद्या काही कुठे गेलेल्या नाहीत. ते त्याला फार लागलं. त्याने तिथे नवं कार्ट्रिज बसवलं आणि पंधरा दिवसांत धंदा सोडला. आपण काय केलं हेच ज्याला आठवत नाही, त्याने लोकांच्या घरातल्या बोर्डाला हात लावू नये, म्हणाला. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. तो तीन तासांवरच्या एका गावी रोपवाटिकेत कामाला लागला. तिथे तो कुंड्या भरतो आणि झाडांना पाणी घालतो.

आठ महिन्यांनी माळा आवरताना मला ते खोकं सापडलं. जुने बूट टाकून द्यायला म्हणून उचलले आणि डाव्यातून काहीतरी जमिनीवर पडलं. खिडकी हिरवीगार. मागच्या बाजूला दादाचं अक्षर, कारण बसवतानाची तारीख तो प्रत्येक कार्ट्रिजच्या पाठीवर लिहायचा. मी तिथेच फरशीवर बसले आणि फोन उचलला.

आणि सांगितलं नाही. तब्येत कशी आहे विचारलं, पाऊसपाण्याचं विचारलं, फोन ठेवला. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. पुढच्या महिन्यात तो म्हणाला की गुलाबांना कळ्या आल्यात, आणि त्याचा आवाज इतका बरा वाटत होता की मी ओठांवर आलेलं गिळून टाकलं. असं करत करत पाच वर्षं मी मूग गिळून बसले. जितके दिवस जास्त, तितकं सांगणं अवघड, कारण आता नुसतं कार्ट्रिजच नव्हे, ते दिवसही सांगावे लागणार होते. मला तो हवा होता. रोज सकाळी शिडी उचलताना हवा होता. एका वाक्याने तो कदाचित परत आला असता, आणि त्याच वाक्याने कायमचा गेलाही असता. म्हणून मी ते वाक्य कार्ट्रिजसकट कपाटाच्या खणात ठेवून दिलं होतं.

मागच्या आठवड्यात नकाशावाल्या बाईंचा फोन आला. त्याच्या दोन दिवस आधी पुन्हा तिथे वीज पडली होती. घरातलं काही जळलं नाही, फक्त बोर्डातली खिडकी लाल झाली आहे, येऊन बघाल का. सहा वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. तरी गेले. बोर्डाचं दार उघडलं आणि बघतच राहिले. आतल्या बाजूला त्या जुन्या तारखेखाली आणखी पाच तारखा होत्या. दर वर्षीची एक. अक्षर दादाचं.

बाईंना वाटलं मला माहीत असेल. तो दर वर्षी येतो, त्या म्हणाल्या. बोर्डाला हात लावत नाही. दार उघडतो, हिरवा रंग बघतो, तारीख लिहितो, चहा घेतो, जातो. त्यांच्या घरापासून माझं घर चालत वीस मिनिटांवर आहे. दर वर्षी माझा भाऊ माझ्या गावात येत होता आणि मला न भेटता परत जात होता. मी विचारलं की मग आता त्यालाच का नाही बोलावलं.

"तेच सांगून गेलेत," बाई म्हणाल्या. "लाल दिसलं तर माझ्या बहिणीला बोलवा. तिच्या हातून चूक होत नाही."

मी नवं कार्ट्रिज पिशवीत घेऊन गेले होते. ते पिशवीतच राहू दिलं. बाईंना सांगितलं की दोन दिवस संगणकाचा प्लग काढून ठेवा, आणि बाहेर पायरीवर बसून दादाला फोन लावला. म्हटलं, बाईंकडे लाल झालंय, ये. तो म्हणाला, तू बदल. मी म्हटलं, मला नाही बदलता येत. त्यावर तो हसला आणि म्हणाला की बाबांनी हे ऐकलं असतं तर तुला दारात उभं केलं नसतं. मग माझा आवाज ऐकून त्याचं हसू थांबलं. गुरुवारी सकाळच्या बसने येतो, म्हणाला.

गुरुवारी निघताना मी खणातलं जुनं कार्ट्रिज काढलं आणि डाव्या बुटात टाकून त्यावर पाय घातला. वीस मिनिटांचा रस्ता, खांद्यावर शिडी, कारण नंतर जवळच एका घरी पंखा बसवायचा होता. प्रत्येक पावलाला ते टाचेत रुतत होतं. रुतू दे म्हटलं. आज तरी मध्येच पळून जायला नको.

दादा फाटकाशी उभा होता. वाळला होता, केस पांढरे झाले होते, नखांत माती. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत त्याच्या जुन्या रबरी चपला. सहा वर्षं त्याने त्या जपून ठेवल्या होत्या, हे बघूनच मला भडभडून आलं. लंगडतेस का, त्याने विचारलं. सांगते, मी म्हटलं. दाराशी दोघांनी बूट काढले. मी माझ्या बुटातलं कार्ट्रिज मुठीत घेतलं, पण ते दाखवलं नाही. तशीच मूठ मिटून त्याच्या मागून आत गेले.

त्याने रबरी चपला घातल्या आणि बोर्डाचं दार उघडलं. मग मेन बंद केला. फ्रिजची घरघर थांबली, घर एकदम शांत झालं. टेस्टरने दोनदा तपासून त्याने लाल झालेलं कार्ट्रिज ओढून काढलं, आणि काही विचार न करता दाराशी जाऊन आपल्या डाव्या बुटात ठेवून आला. हात तोच, सवय तीच. परत येऊन त्याने नव्या कार्ट्रिजसाठी माझ्यापुढे हात पसरला. मी मूठ उघडली आणि जुनं कार्ट्रिज त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्याने ते उलटं केलं. पाठीवरची तारीख वाचली.

"कुठे होतं?"

"माझ्या जुन्या बुटात. मी काढलं होतं, दादा. तू नाही. तू नवे बूट आणलेस ना, मग जुन्यात मी पाय घातलाच नाही."

तो स्वतःच्या हातांकडे बघायला लागला, आधी पालथे, मग उताणे. मला वाटलं आता याचा जीव भांड्यात पडेल. आणि क्षणभर पडलाही असावा, कारण त्याच्या तोंडावर सहा वर्षांपूर्वीचं काहीतरी दिसून गेलं. मग त्याने मान वर केली.

"तुला कधी सापडलं?"

"तू गेल्यावर आठ महिन्यांनी."

"म्हणजे पाच वर्षं."

"पाचच्या वर."

"दर महिन्याला फोनवर बोलत होतो आपण, बारके. मी तुला गुलाब सांगत होतो."

मी घाबरले होते, एवढंच म्हणाले. तू फोन ठेवशील आणि परत उचलणार नाहीस, असं वाटायचं. हातातलं कार्ट्रिज त्याने बाईंच्या टेबलावर ठेवलं. टेबलावर. त्यावरून मला कळलं की त्याला किती राग आला आहे. रबरी चपला काढून त्याने पिशवीत भरल्या आणि मोज्यांवर चालत बाहेर गेला.

बाई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनीही सगळं ऐकलं होतं. वीज बंद असल्यामुळे घरात इतकी शांतता होती की बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. उजव्या बुटात पाय गेला. नाडी ओढली. मग डावा बूट उचलल्याचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. पावलं वाजली नाहीत, फाटक वाजलं नाही. मी बाहेर जाऊन त्याला धरायला हवं होतं, पण माझा त्याच्यावर तेवढा हक्क उरला आहे असं मला वाटेना. बाईंनी कप खाली ठेवले, तेही आवाज न करता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तो आत आला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, आणि हातात ते लाल खिडकीचं कार्ट्रिज. डोळे लाल झाले होते.

"टोचलं," तो म्हणाला. "नवीन कुठाय?"

मी दिलं. मी एका हाताने बॅटरी धरली आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट. कार्ट्रिज खट्कन बसलं. त्याने मेन चालू केला, फ्रिज घरघरायला लागला, खिडकी हिरवी. मग त्याने खिशातून पेन्सिलचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. तारीख मी लिहिली. सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी. तो बाजूला उभा राहून बघत होता, पूर्वी माझं पहिलं वायरिंग बघायचा तसा. बाई म्हणाल्या, चहा निवला. तो आम्ही तसाच प्यायलो.

बाहेर आल्यावर त्याने दुसरा बूट घातला. फाटकाशी तो थांबला.

"पाच वर्षं मला विसरता येणार नाहीत, बारके. इतक्यात तरी नाही."

"नको विसरूस."

"पुढचं काम कुठे आहे?"

दोन गल्ल्या सोडून, पंखा बसवायचाय, मी म्हटलं. त्याची बस चारला होती. त्याने माझ्या घडीच्या शिडीकडे बघितलं आणि ही काय खेळण्यातली शिडी घेतलीस म्हणून नाक मुरडलं. ती मी एका हाताने उचलू शकते, हे त्याला दिसत होतं. तरी त्याने घडी उलगडली, वाकून पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि मी मागचं उचलायची वाट बघत उभा राहिला. मी उचललं. ऊन चांगलंच वर आलं होतं. कॉलरच्या वर डावीकडे तीळ होता.